दैवताची मोटार

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी की, त्या काळी एका राज्याला एकच मोटार पुरत असे.

डोंगरातल्या एका राज्यात अशी एक मोटार होती. ती थोरल्या महाराजांनी हौसेनं आणली होती. तिचे दिवे पितळेचे होते आणि चढण्यासाठी दाराखाली लांबलचक पायरी होती. महाराज असेपर्यंत मोटार घाटातून रोज धावत असे. महाराज गेले आणि मोटार राजवाड्यामागच्या पागेत उभी राहिली.

राजमातेचा त्या मोटारीवर फार जीव. दर दसऱ्याला मोटारीची पूजा होई. सवाष्णी दारावर आणि पायरीवर हळद-कुंकू वाहत. चाकांवर दूध घालत. पायरीवर नारळ फोडत आणि त्याचं पाणी पत्र्याच्या सांध्यांतून आत झिरपत राही. पूजा संपली की मोटारीवर जाड कापड टाकून ती पुन्हा पागेत ढकलत.

एकदा एका दासीनं दुसऱ्या दिवशी फडकं हातात घेतलं. तेव्हा राजमाता म्हणाल्या, "खबरदार! कुंकू पुसायचं नसतं. माझं पुसलं गेलं. हिचं तरी राहू दे."

त्यानंतर मोटारीला कुणी फडकं लावलं नाही. वर्षावर वर्षं गेली, थरावर थर चढले. दरवर्षी तो लाल रंग थोडा अधिकच गडद दिसे. गावची माणसं पायरीला बोट लावून ते कपाळी टेकवत आणि म्हणत, "दैवत जागृत आहे हो! कुंकू आपोआप वाढतंय."

पुढे राजमातेच्या नातीचं लग्न ठरलं. सासर घाटाखाली, नदीपलीकडे होतं. महाराजांच्या काळापासून राजघराण्याची लेक सासरी जायची ती याच मोटारीतून, अशी रीत होती. म्हणून मोटार नीट करायला पत्र्याचं काम करणाऱ्या एका मिस्त्रीला बोलावलं.

मिस्त्रीचा हात चांगला होता, मात्र जीभ भित्री होती. त्यानं छोट्या हातोडीनं मोटार ठिकठिकाणी वाजवून पाहिली. निरोगी पत्रा 'ठण्' बोलतो. दाराखाली आणि पायरीवर मात्र 'थप्' असा मेलेला आवाज आला. त्यानं नखानं तो लाल थर जरा खरवडला. वर कुंकू होतं, पण खाली सगळा गंज होता. दोघांचा रंग इतका सारखा की, कुठं एक संपतं आणि दुसरं सुरू होतं ते डोळ्यांना कळत नव्हतं.

तो राजमातेसमोर उभा राहिला.

"मिस्त्री, पोचे काढा, रंग द्या, काय हवं ते करा," राजमाता म्हणाल्या. "फक्त कुंकवाच्या जागेला हात लावायचा नाही. बाकी मोटार तुमची, तेवढी जागा माझी."

"आईसाहेब, तिथला पत्रा जरा..."

"जरा काय?"

"जरा जुना झालाय. थोडा कापावा लागेल."

"जुनी तर मीही झालेय. मलाही कापणार का?"

भोवतीची माणसं हसली. मिस्त्रीही कसंनुसं हसला आणि मान खाली घालून परत आला.

मग त्यानं नको तेच केलं. मोटारीखाली शिरून भोकांत गोणपाटाचे बोळे कोंबले. त्यांवर पुट्टी लिंपली, पुट्टीवर डांबर फासलं. कुंकवाची जागा सोडून बाकी सगळीकडे असा झळझळीत काळा रंग दिला की, बघणाऱ्याला आपली मिशी त्यात दिसावी. लोक म्हणाले, "वा मिस्त्री! नवरीपेक्षा मोटारच नटली."

घरी बायकोनं विचारलं, "झालं काम?"

"दिसायला झालं."

"आणि बसायला?"

मिस्त्री ताटावरून तसाच उठला.

"अहो, घाट आहे तो," बायको म्हणाली. "पोर बसणार आहे त्यात. राजमातेला घाबरता, दरीला घाबरत नाही का?"

पाठवणीच्या आदल्या दिवशी राजकन्या मोटार बघायला आली. मैत्रिणी सोबत होत्या. "एकदा आत बसून तरी बघते," असं म्हणून तिनं पदर सावरला आणि पायरीवर ठेवायला पाय उचलला.

"ताईसाहेब, थांबा!" मिस्त्री एवढ्यानं ओरडला की, त्याचा त्यालाच तो आवाज नवा वाटला. "पाय ठेवू नका. पायरी सडलीय. आतली जमीनही सडलीय. मी नुसती लिंपून ठेवलीय."

ओरडा ऐकून राजमाता काठी टेकत आल्या. झालेला प्रकार कळला तेव्हा त्यांचा चेहरा तापला.

"थोरल्या महाराजांची मोटार सडेल? रोज नाही, पण वर्षाच्या वर्षाला पूजा होते तिची! हे बघा, किती भक्कम आहे ते."

असं म्हणून त्यांनी काठी उचलली आणि पायरीवर जोरानं आपटली.

काठी पायरीतून आरपार गेली आणि खालच्या मातीत रुतली.

राजमातेनं काठी ओढून काढली. टोकाला लाल भुकटी लागली होती. त्यांनी ती बोटांनी चोळून पाहिली. कुंकू मऊ असतं. ही भुकटी खरखरीत होती.

"हे कुंकू नाही," त्या म्हणाल्या.

"नाही, आईसाहेब. गंज आहे."

"आणि आम्ही यालाच हात जोडत होतो?"

राजकन्या हळूच म्हणाली, "आजीसाहेब, हात तुम्ही आजोबांच्या आठवणीलाच जोडलेत. त्यांची वस्तू कशी आहे, ते विचारायचं तेवढं राहिलं."

राजमातेनं पाणी आणि फडकं मागवलं. पण कुंकू पुसायला कुणी पुढं होईना. सवाष्णी मागं सरल्या. दासी भिंतीला टेकल्या. मिस्त्रीनंही हात पाठीमागे घेतले.

"द्या इकडे," राजमाता म्हणाल्या. "हे एकदा सोसलेलं आहे मी. मला त्याचं भय नाही."

त्या खाली बसल्या आणि स्वतःच्या हातानं पुसू लागल्या. आधी कुंकू निघालं, मग गंजाचे पापुद्रे, मग पुट्टी आणि गोणपाट. शेवटी पत्र्याची नुसती चाळणी उरली. घाम पुसत त्यांनी विचारलं, "आता किती कापाल?"

"निरोगी पत्रा लागेपर्यंत, आईसाहेब. सडक्या काठाला नवा तुकडा धरत नाही."

"कापा."

हे काम एका दिवसाचं नव्हतं. त्यामुळे दुसऱ्या दिवशी राज्याची लेक बैलांच्या दमणीतून सासरी निघाली. रीत मोडली म्हणून वऱ्हाडातल्या म्हाताऱ्या कुजबुजल्या. राजमाता वेशीपर्यंत चालत गेल्या आणि दमणी वळणाआड होईपर्यंत उभ्या राहिल्या. लेक सुखरूप पोचल्याचा निरोप आला, तेव्हाच त्या जेवल्या.

मग त्यांनी मिस्त्रीला बोलावलं. तो शिक्षेच्या तयारीनं आला होता.

"तुम्ही पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलला असता, तर माझी नात मोटारीतून गेली असती," त्या म्हणाल्या. "आणि मी ऐकून घेणारी असते, तर तुम्ही बोलला असता. तेव्हा अर्धी चूक तुमची, अर्धी माझी. तुमची तुम्ही कामानं फेडा."

मिस्त्रीनं सडका पत्रा कापून काढला. नवा पत्रा तापवून, ठोकून, जुन्याच्या वळणाचा केला आणि निरोगी काठाला जोडला. रंगाचा हात देण्याआधी त्यानं राजमातेच्या हाती हातोडी दिली. त्यांनी मोटार स्वतः वाजवून पाहिली. सगळीकडून 'ठण्' आवाज आला.

त्या वर्षीच्या दसऱ्यालाही मोटारीची पूजा झाली. कुंकू वाहिलं, नारळ फोडला, तो मात्र बाजूच्या दगडावर. दुसऱ्या दिवशी सकाळी राजमाता कोरडं फडकं घेऊन आल्या आणि त्यांनी मोटार सांध्यासांध्यातून पुसून घेतली. लोक म्हणाले, "आईसाहेब, अपशकुन होईल." त्या म्हणाल्या, "देवघरातले देव रोज धुऊन पुसून ठेवता ना? मग ही काय त्यांच्याहून मोठी?"

दिवाळसणाला लेक-जावयाला आणायला मोटार घाट उतरून गेली आणि दोघांना घेऊन घाट चढून आली. पुढे त्या घराच्या कितीतरी लेकी तिच्यातून सासरी गेल्या आणि माहेरी आल्या.

म्हणून मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीसुद्धा, एवढं ध्यानात ठेवा: ज्याची आपण पूजा करतो, त्याची निगाही आपणच राखावी, नाहीतर पूजेच्याच थराखाली गंज वाढत राहतो.