बयजा कासारणीचा ढब्बू

एकदा काय झालं, बांगड्यांच्या पेटाऱ्यातून कुणीतरी शिंकलं.

हो, शिंकलं. खिदळू नका, नीट पांघरूण घ्या आणि ऐका. समुद्रकाठी एक नगरी होती. त्या नगरीत बयजा नावाची कासारीण राहायची. कासारीण म्हणजे घरोघरी जाऊन बायकांना बांगड्या भरणारी, बरं का. हिरव्या, लाल, मोरपंखी, काचेच्या नाजूक बांगड्या. लांबलांबून गलबतं यायची आणि गवतात गुंडाळलेल्या बांगड्यांचे पेटारे धक्क्यावर उतरवून जायची. बयजा एकटीच होती. नवरा देवाघरी गेलेला, पोटी मूलबाळ नाही. घरात आवाज म्हणाल तर बांगड्यांचा किणकिणाट, तेवढाच.

तर त्या दिवशी बयजाने धक्क्यावर नवा पेटारा उघडला आणि आतून शिंक आली. मग गवत हललं. मग गवतातून एक तोंड बाहेर आलं, आणि बयजा मटकन खालीच बसली. असलं तोंड तिने जन्मात पाहिलं नव्हतं. नाक बसकं, गाल लोंबते, कपाळावर आठ्याच आठ्या आणि खालचे दात ओठाबाहेर डोकावणारे. अंग गुबगुबीत, पाय आखूड नि फेंगडे. शेपूट म्हणावं तर बोटाच्या पेराएवढं, पण ते हललं की मागचं सगळं अंगच डुलायचं. गलबतावरच्या व्यापाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, हे बुलडॉगचं पिल्लू, पेटाऱ्यात कधी शिरलं कुणास ठाऊक. एवढं बोलून तो शिडं उभारून निघूनही गेला.

मग काय, बयजाने पिल्लाला कडेवर घेतलं आणि घरी आणलं. नाव ठेवलं ढब्बू.

ढब्बूसारखा खेळकर जीव त्या नगरीत दुसरा नव्हता. त्याला एक सुका नारळ मिळाला. मग तो नारळ नाकाने ढकलायचा, त्याच्यामागे धावायचा, धडपडायचा, नारळावर चढायला जायचा नि पलीकडे कोलमडायचा. बयजा हसून हसून बेजार. दमला की तो तिच्या पायावर हनुवटी टेकायचा आणि असा घोरायचा की शेजारीण जातं बंद करून विचारायला यायची, पाहुणे कोण आलेत म्हणून.

पण घर कासारणीचं होतं ना. आता बांगडी फुटली असं आपण म्हणत नाही, बांगडी वाढवली म्हणतो. तर ढब्बूने पहिल्याच दिवशी अख्खा पेटारा वाढवला. दुसऱ्या दिवशी फळीवरचे चुडे वाढवले. बयजाने कपाळावर हात मारला, घर झाडलं, आणि तरीही त्याला रागावली नाही. एवढ्याशा जिवाला काय कळतंय, म्हणाली.

मग एक दिवस ढब्बू लंगडत आला. बयजाने पाय उचलून पाहिला तर पंजात काचेचा तुकडा. तिने तो अलगद काढला, हळद भरली, फडकं बांधलं. ढब्बूने तिचं नाक चाटलं आणि तीन पायांवर परत नारळाकडे पळाला. बयजाने मात्र पुन्हा केरसुणी हातात घेतली. पण कितीही झाडलं तरी काचेचा कण घरात राहणारच होता. बांगड्या विकायचं सोडावं तर चूल कशावर पेटायची? आणि याला बांधून ठेवावं, तर मग तो ढब्बू कसला? ती रात्रभर त्याला कुशीत घेऊन बसली आणि सकाळी तिने ठरवलं, याच्यासाठी चांगलं घर शोधायचं.

आता त्या नगरीची एक रीत होती, बरं का. लेकरू दत्तक द्यायचं तर देणारीने आपल्या हाताने ते दुसऱ्याच्या मांडीवर ठेवायचं आणि म्हणायचं, दिला. घेणाऱ्याने म्हणायचं, घेतला. मग साखर वाटायची. आणि त्यानंतर देणारीने त्या घराचा उंबरठा पुन्हा कधी ओलांडायचा नाही. लेकराची माया दोन घरांत विभागली जाऊ नये, म्हणून म्हणे. कुणी काढली असेल ही रीत देव जाणे, मला काही ती पटलेली नाही. पण बयजा पडली साधी, तिला वाटलं असंच करायचं असतं.

पहिल्यांदा आला नगरशेठ. त्याने ढब्बूच्या कपाळावरच्या आठ्या पाहिल्या, बाहेर आलेले दात पाहिले, आणि तो खूश झाला. असा भयंकर कुत्रा खजिन्याच्या दारात बसला की चोरांची हिंमत होणार नाही, असं त्याला वाटलं. रोज दूधभात घालीन म्हणाला. बयजाने मनावर दगड ठेवला, ढब्बूला शेठच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, दिला. शेठ म्हणाला, घेतला.

मग भर दुपारी शेठकडे खरंच चोर आले. ढब्बूला इतका आनंद झाला म्हणता. किती दिवसांनी कुणीतरी खेळायला आलं. त्याने आपला नारळ ढकलत ढकलत थोरल्या चोराच्या पायाशी नेला आणि उताणा पडून पोट दाखवलं. चोराने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि जरासं पोट खाजवलं. मग दुसराही बसला खाजवायला. मग तिसऱ्याने नारळ फेकला. खेळ असा रंगला की चोर चोरी विसरले. शेठ जेवून आला तरी त्यांना पत्ता नाही, तिथेच बसलेले. एक दिडकी गेली नाही, पण शेठचा पारा चढला. राखणीला ठेवलेला कुत्रा चोरांशी खेळतो म्हणजे काय? त्याने ढब्बूला उपाशी ठेवलं, म्हणजे चवताळेल. ढब्बू काही चवताळला नाही, नुसता रडवेला झाला. तेव्हा शेठने त्याला टोपलीत घालून बयजाकडे परत धाडला.

बयजाने त्याला पोटभर जेवू घातलं आणि आठवडाभर कुठे म्हणून सोडलं नाही. पण काचा होत्याच.

दुसऱ्यांदा आलं राणीचं बोलावणं. राणीला गंमतीच्या वस्तूंचा भारी नाद. बोलणारी मैना, नाचणारा मोर, सगळं होतं, असं तोंड मात्र कुणाकडे नव्हतं. राजवाड्यात काचेचं भय नाही, खाण्यापिण्याची ददात नाही. बयजाला वाटलं, याचं नशीब उजळलं. तिने ढब्बूला राणीच्या मांडीवर ठेवलं. म्हणाली, दिला. राणी म्हणाली, घेतला, आणि सगळ्या वाड्यात साखर वाटली.

मग ढब्बूला जरीचा अंगरखा शिवला. एकेका सुरकुतीत चंदन भरलं. सिंहासनाशेजारी मखमलीची गादी घातली आणि तिच्यावर त्याला बसवलं. धावायचं नाही, गालिचा मळतो. लोळायचं नाही, जरीची तार निघते. घोरायचं तर मुळीच नाही, दरबार चालू असतो. आणि एवढ्या उन्हाळ्यात अंगावर जरीचं ओझं. बसक्या नाकाचं पिल्लू ते, त्याला आधीच उकाडा सोसत नाही. बिचारा जीभ बाहेर काढून धापा टाकत बसायचा.

काही दिवसांनी राणीला बांगड्या भरायच्या होत्या. बयजाला बोलावणं आलं. आता उंबरठा तर ओलांडायचा नाही. मग बयजा बसली बाहेर, राणी बसली आत, आणि मधल्या उंबरठ्यावरून हात पुढे करून बांगड्या भरणं चाललं. भरता भरता बयजाने मान वाकडी करून आत पाहिलं. गादीवर ढब्बू होता. त्याच्यासमोर नारळ होता. आणि ढब्बू त्याच्याकडे बघतही नव्हता. बयजाच्या हातातली बांगडी तिथेच थांबली.

राणीच्या ते लक्षात आलं. ती कंटाळून म्हणाली, "हा बिघडलाय. पहिल्यासारखं काहीच करत नाही. नेतेस तर ने."

बयजाने उरलेल्या बांगड्या तिथेच टाकल्या आणि ढब्बूला नि त्याच्या नारळाला उचलून घेतलं. वाटेत त्याचा जरीचा अंगरखा काढून एका बोरीच्या झाडावर टांगला. छान केलं, मी असते तर मीही तेच केलं असतं. पण चालता चालता तिला रडू यायला लागलं. शेठकडे झालं, राणीकडे झालं, आता याला कुठे न्यायचं? आपल्या घरी न्यावं तर पंजे कापणार, दुसरीकडे द्यावं तर हा असा विझणार.

मग तिने एक केलं. घाटापलीकडच्या गावी बाजार भरायचा. तिकडे कुणी चांगलं माणूस भेटतं का बघावं म्हणून डोक्यावर पाटी, कडेवर ढब्बू आणि पाटीत त्याचा नारळ घेऊन ती निघाली.

आता जवळ सरका. कारण त्या घाटात राहायची धोंडाळी राक्षसीण. केवढी? ती बसली की डोंगर वाटायची, उभी राहिली की ढग तिच्या अंबाड्याला अडायचे. वाटेवर माणूस दिसलं की ती वरून गाडीएवढा धोंडा सोडायची. गडगड गडगड करत धोंडा यायचा आणि माणसं जीव घेऊन पळायची. आजवर कुणाला लागला नव्हता, पण ते बघायला थांबतंय कोण?

बयजा दबकत दबकत घाट चढत होती. इतक्यात वरून आवाज आला. गडगड, गडगड, गडगड. एक अजस्र धोंडा उड्या मारत खाली येत होता. बयजा खडकाआड झाली. आणि ढब्बूने काय करावं? किती दिवस मरगळलेल्या ढब्बूचे कान ताठ झाले. एवढा मोठा नारळ त्याने कधी पाहिला नव्हता. टुणकन उडी मारली कडेवरून आणि निघाला धोंड्यामागे. बयजा ओरडतेय, मागे धावतेय, पदर कुठे, पाटी कुठे. धोंडा पुढे, ढब्बू त्याच्यामागे, बयजा त्याच्यामागे.

धोंडा जाऊन एका ओढ्यात थांबला. ढब्बूने त्याला नाक लावलं आणि ढकलायला लागला. धोंडा कसला हलतोय. मग तो मागे सरला, पळत आला, डोकं आपटून उताणा पडला, उठला, परत ढकलायला लागला. बयजा पोहोचते न पोहोचते तोच सगळीकडे सावली पडली. वर पाहते तर धोंडाळी वाकून बघतेय.

बयजाने ढब्बूला पोटाशी धरलं नि डोळे मिटले. आता संपलं, असं तिला वाटलं. पण वरून आवाज आला तो रडण्याचा. राक्षसीण रडत होती, आणि हसतही होती.

"इतकी वर्षं धोंडे टाकतेय," धोंडाळी म्हणाली. "कुणीच परत आणून देत नाही. टाकला की पळूनच जातात."

बघा म्हणजे. तिला खेळायचं होतं. तिला भीती घालायचीच नव्हती, आणि सगळी नगरी वर्षानुवर्षं उगीच पळत होती.

मग जो खेळ सुरू झाला म्हणता. धोंडाळीने पाटीतून सांडलेला त्याचा नारळ चिमटीत धरला आणि नखाने टिचकी मारली. नारळ गेला या टेकडीवरून त्या टेकडीवर, आणि ढब्बू त्याच्यामागे. त्याने परत आणला. तिने पुन्हा टिचकी मारली. तो ओढ्यात पडला, चिखलात लोळला, करवंदीच्या जाळीत घुसला. धोंडाळी हसली की झाडांवरची पाखरं उडायची. मग तो धापा टाकायला लागला आणि तिने लगेच खेळ थांबवला. आपला पदर धबधब्यात बुडवून त्याच्या अंगावर हलकेच पिळला. ओंजळीची सावली केली. ढब्बू तिच्या तळहातावर चढला, गोल फिरला आणि झोपला. घोरायला लागला, तो सगळा घाट घोरला.

धोंडाळी हलली नाही. तिच्या नाकावर माशी बसली तरी हलली नाही. उन्हं कलली, तिचा पाय बधिर झाला, तरी हात तसाच. बयजा ते सगळं बघत बसली होती. धोंडाळीच्या गुहेत काच नव्हती, गालिचा नव्हता, खजिना नव्हता. तिला कळलं, हेच याचं घर.

मग बयजा उठली. धोंडाळीला रीत सांगितली. हात जोडले, तोंड उघडलं, आणि शब्दच येईना. याआधी दोनदा तिने तो म्हटला होता. पण शेठकडून, राणीकडून ढब्बू परत येईल अशी कुठेतरी आशा होती. इथून तो परत येणार नव्हता, इथे तो सुखात राहणार होता. आणि मग तिला तो पुन्हा दिसणारच नव्हता. बयजा तिथेच घाटात बसून हमसून हमसून रडली. म्हणाली, मला सोडवत नाही गं, पण सोडलाच पाहिजे.

धोंडाळीने बराच वेळ विचार केला. राक्षसांना विचार करायला वेळ लागतो.

मग ती म्हणाली, "दिला म्हणूच नकोस, बाई. नांदायला पाठवला म्हण. नांदायला गेलेल्या लेकराचं माहेर कुठे तुटतं?"

बयजाने डोळे पुसले. ढब्बूच्या आठ्यांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "नांदायला पाठवला."

आणि मग तसंच झालं. धोंडाळी आता एकाच माणसावर... आपलं, एकाच कुत्र्यावर धोंडे सोडते, तेही नारळाएवढे, त्यामुळे घाटातली वाट सगळ्यांना मोकळी झाली. बयजा दर बाजाराला जाताना तिथे भाकरी खायला थांबते. आणि दिवाळी जवळ आली की ती सगळ्या बांगड्या माळ्यावर चढवते, दोनदा झाडते, तीनदा पुसते, अंगणात पाण्याचा सडा घालते. मग घाटाकडून जमीन हादरायला लागते. वेशीपाशी एक भला मोठा हात खाली टेकतो, आणि त्या हातावरून एक ढब्बू कुत्रा सगळं अंग डुलवत घराकडे सुटतो. बयजा दारात भाकरतुकडा घेऊन उभी असते. पण ओवाळून टाकायच्या आधीच तो तुकडा गट्टम होतो.

झालं, ढब्बू पोचला माहेरी. आता मिटा डोळे.