धाकूनं कोंडलेले साहेब

समुद्राकाठच्या एका गावात धाकू नावाचा एक भोळा शिपाई होता. गावाबाहेरच्या अणुवीज केंद्रात तो चहा द्यायचा आणि सांगितलेलं ऐकायचा. अगदी जसंच्या तसं.

केंद्राला आणखी एक अणुभट्टी उभारायची होती. गाव हो म्हणेना. म्हणून इंजिनिअर शिरोडकर मॅडम वाडीवाडीत जाऊन लोकांना समजावत होत्या. मागून धाकू सतरंजी घेऊन चालायचा.

मॅडम म्हणाल्या, "कोळसा जाळला की धूर होतो. त्यानं जग तापतं, बिघडतं. आपल्या विजेला धूर नाही."

धाकू घरी आला. बायको सुंदरा चुलीवर भाकऱ्या भाजत होती. घरभर धूर. धाकूनं हंडाभर पाणी चुलीत ओतलं.

"हे काय केलंत?"

"जग वाचवलं."

त्या दिवशी दोघांनी नुसता कांदा खाल्ला.

मॅडमना कळलं. "अहो धाकू, आग विझवायची नसते. आपल्या भट्टीत आतलं तापू द्यायचं आणि सारखं पाणी फिरवत राहायचं. पाणी थांबलं की घात."

"बरं मॅडम. आता तसंच करतो."

दोन दिवसांनी सासरे आले. अंगात ताप. धाकूनं त्यांना विहिरीवर बसवलं आणि सकाळपासून घागरीवर घागर ओतली.

"जावईबापू, पुरे आता," सासरे कुडकुडत म्हणाले.

"नाही मामा. थांबलं की घात."

दुपारी सासरे ओल्या धोतरानिशी एसटीत बसले आणि परत आले नाहीत.

मॅडमनी कपाळाला हात लावला. "माणसावर नाही हो! तापलेली वस्तू जाड भिंतीआड कोंडायची. माणसांनी लांब राहायचं. भट्टीतला उरलेला कचरा तर हजारो वर्षं जपावा लागतो. वर पाटी हवी, म्हणजे पुढचे लोक चुकून उघडणार नाहीत. आपल्या विजेची हीच खरी काळजी. आणि धाकू, आता चुकलात तर नोकरी गेली."

"नाही चुकणार, मॅडम."

ग्रामसभेचा दिवस आला. त्या दिवशी गाव हो की नाही ते सांगणार होतं. मुंबईहून मोठे साहेब आले. वाटेत गाडी दोनदा पंक्चर झालेली. साहेबांना पंचायतीच्या जांभ्या दगडाच्या खोलीत बसवून ग्रामसेवक बाहेर आले आणि कुजबुजले, "धाकू, जपून. साहेब फार तापलेत."

धाकूनं भिंत चाचपून पाहिली. जाड होती. त्यानं दार ओढलं, कुलूप घातलं आणि चावी खाडीत फेकली. मग सभेपुढे हात जोडले. "मंडळी, आत तापलेलं आहे. लांब व्हा."

गाव टेकडीवर पळालं. ना हो म्हणालं, ना नाही.

मॅडम धावत आल्या. धाकू दारासमोर बसला होता. शेजारी त्यानं बसवलेला एक गवंडी दगडावर अक्षरं कोरत होता. मॅडमनी वाचलं, 'आत साहेब आहेत. पाच हजार वर्षं उघडू नये.'

"पाच हजार?" मॅडम किंचाळल्या.

"तुम्ही नुसतं हजारो म्हणालात. मी अंदाजानं धरलं."

आतून साहेबांनी दारावर लाथ घातली.

"बघा," धाकू म्हणाला, "अजून निवले नाहीत."