लिंबाचा डाग

चूक सगळी तात्या रणदिव्यांची होती, हे आधीच सांगितलेलं बरं.

गाड्या बोलत असत तेव्हाची गोष्ट. म्हातारे तेव्हाही ऐकत नसत. तात्यांनी सुटे भाग जुळवून, पत्रा स्वतः ठोकून, जुन्या घाटाची, बिनटपाची लाल गाडी बनवली. बसायची जागा इतकी खाली, की हात बाहेर सोडला तर रस्त्याला लागावा.

पहिल्या दसऱ्याला तिला झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं.

"चला तात्या," गाडी म्हणाली. "स्वप्नात मला समुद्राचा वारा लागतो. तुमची टोपी उडते."

"थांब गं. लिंबाचा रस उडून रंगावर डाग पडेल. अजून एक हात मारू दे." तात्यांनी लिंबू उचललं.

"रंगासाठी बनवलंत होय मला?"

"मोठ्यांना उलट बोलू नये."

दर दसऱ्याला हेच. मग अंगावर कापड पडायचं आणि त्याखाली गाडी स्वप्नात धावू लागायची. माडांच्या सावल्या बोनेटवरून वाहायच्या, दिव्यांवर लाटांचे तुषार बसायचे, आणि तात्या बोडक्या डोक्यानं हसत असायचे.

अखेर एका दसऱ्याला रंग तात्यांच्या मनासारखा झाला. लिंबू ठेवून त्यांनी दार उघडलं, पण आत उतरायला गुडघे वाकेनात.

"या ना," गाडी हळूच म्हणाली.

दाराला धरून त्यांनी पुन्हा जोर केला. जमलं नाही.

शेवटी पुतणीनं गाडी बाहेर काढली. लिंबू चिरडलं, रस उडाला, तिनं तो ओढणीनं पुसला. गाडी समुद्राकडे गेली.

स्वतःच्या हातांनी बनवलेल्या गाडीतून तात्या एकदाही फिरले नाहीत.