नथूच्या दोराचा चौथा पेड

शांतवनबाबा खडकवाडीला आले ते पायी. अंगावर धोतर, खांद्यावर घोंगडी, हातात एकतारी. बाकी संसार काही नाही. प्रभू येशूचं नाव गात ते गावोगाव फिरत, मिळेल ती भाकर खात आणि मंदिराच्या ओट्यावर अंग टाकत. पुनरुत्थानाचा सण ते दरवर्षी आमच्या वाडीत करत आणि पुढं महिनाभर राहत. वाडीत तेव्हा ख्रिस्ती घरं तीस, दगडी प्रार्थनामंदिर एक आणि पाण्याची विहीर एकच. ती विहीर नीट लक्षात ठेवा, कारण कथा तिच्यावरच घडते.

आता ज्याच्यासाठी ही कथा सांगायची, तो नथू. मंदिरातल्या वहीत नाव नथानिएल, पण त्या नावानं त्याला फक्त पाळकसाहेब हाक मारत. नथूचा धंदा दोर वळण्याचा. घायपाताची पानं ओढ्यात दगडाखाली भिजत घालायची, आठव्या दिवशी काढून ठेचायची, आणि त्यातून जो पांढरा धागा निघतो तो वाख. त्या वाखाचे तीन पेड करायचे आणि तिन्ही एकत्र वळले की दोर झाला. संध्याकाळी अंगणात सगळं घर या कामाला लागे. नऊ वर्षांची हन्ना दोराला पीळ देणारी फिरकी फिरवी, सहा वर्षांचा मनू वाख हातात देई, आणि चार वर्षांचा तिमू सगळ्यांच्या मध्येमध्ये येई. तेही एक कामच म्हणायचं.

नथूची एक सवय होती. दोर वळताना तो प्रार्थना करी, आणि तीही मोठ्यानं. पहिला पेड हातात घेतला की म्हणे, "प्रभो, माझ्या हन्नाच्या जिभेवर खोटं येऊ देऊ नको." दुसऱ्याला म्हणे, "मनूच्या हातून मुक्या जनावराला मार बसू देऊ नको." तिसऱ्याला म्हणे, "तिमूला दुसऱ्याच्या ताटात डोकवायची खोड लागू देऊ नको." आणि मग फिरकी फिरे. रोज हेच. शिक्षण नाही, शेत नाही, काही नाही. या माणसानं पोरांसाठी देवाकडं मागितलं ते एवढंच. तरी तो सुखी होता हो. संध्याकाळी त्याच्या अंगणापुढून जाणाऱ्याला उगीच थांबावंसं वाटे.

सगळ्यांनाच तसं वाटत नसे म्हणा. गमलिएल पंच हे मंडळीतलं वजनदार माणूस. विहीर त्यांच्या रानात, मंदिरात पहिली सतरंजी त्यांची, आणि मुलगा सुधाकर नगरच्या बोर्डिंगात शिकून आलेला, इंग्रजी कागद वाचणारा. पंच वाईट नव्हते. पण मुलाचा विषय निघाला की त्यांची छाती अशी फुगे की सदऱ्याची गुंडी बिचारी कावरीबावरी होई. ते नथूच्या अंगणापुढं काठी टेकून उभे राहत आणि चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणत, की अरे, मागायचं तर बोर्डिंगात जागा माग, सरकारी नोकरी माग. स्वभाव काय देवाच्या दुकानात शेरावर मिळतो? लोक हसत. नथूही हसे आणि पुढचा पेड हातात घेई.

त्या वर्षी हे बोलणं चाललेलं असताना शांतवनबाबा तिथं येऊन बसले होते. पंचांचं बोलून झालं तेव्हा बाबा म्हणाले, "नथू, तुझी प्रार्थना वर पोचली आहे. ज्या दिवशी तुझं लेकरू चार माणसांत तुला मान खाली घालायला लावील, त्या दिवशी ओळख, देवानं ती ऐकली."

नथूच्या हातातला पेड सुटला. पंचांना तर हसू आवरेना. घ्या, म्हणाले, बाबाच सांगतात पोरं तोंड काळं करणार म्हणून. बाबांनी एकतारीची तार पिळून सुरात आणली आणि भजन सुरू केलं. नथूला मात्र जेवण गोड लागेना. संताचा शब्द खोटा म्हणवत नाही आणि खरा मानवत नाही, अशी त्या बापाची गत झाली. बायको सगुणा म्हणाली, बाबांनी सांगितलंय ना, मग त्यात भलंच असेल. तेवढ्यावर त्यानं प्रार्थना चालू ठेवली.

चैत्र संपला, पाणी तळाला गेलं आणि विहिरीचा गाळ काढायचं ठरलं. पंचांनी नव्या दोराचं काम नथूला दिलं. नावं ठेवली तरी दोर त्याचाच लागे. पानं ओढ्यात पडली. ती आठव्या दिवशी काढायचं काम हन्नाचं. आणि इथंच घोटाळा झाला. त्याच आठवड्यात शेजारच्या शेळीला दोन करडं झाली, आणि करडांपुढं पानं कुणाला आठवतात? हन्ना ओढ्यावर गेली ती चौदाव्या दिवशी. उन्हाळ्याच्या पाण्यात पानं इतके दिवस राहिली की वाख सडतो. वरच्या जुड्या बऱ्या होत्या, खालच्या बोटानं चुरगळत होत्या. नऊ वर्षांची पोर ती, घाबरली. तिनं पानं ठेचली, सडका वाख उन्हात वाळवून पांढरा केला, चांगल्या वाखाच्या पोटात घालून जुड्या बांधल्या, आणि मनूकडं दिल्या.

दोर वळायला चार संध्याकाळी लागल्या. त्या चारही संध्याकाळी नथू म्हणत होता, प्रभो, माझ्या हन्नाच्या जिभेवर खोटं येऊ देऊ नको, आणि हन्ना फिरकी फिरवत होती. तिला वाटलं, घागरीचा दोर असेल, तुटला तर घागर जाईल. त्यावर माणूस उतरणार आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

आमच्याकडं एक जुना रिवाज आहे. विहिरीचा नवा दोर माणसाला लावण्याआधी त्याला दोन माणसांच्या वजनाचा धोंडा बांधून दिवसभर आत लोंबकळत ठेवायचा. याला दोर पारखणं म्हणतात. ते काम पंचांनी सुधाकरवर सोपवलं होतं. पारखला का, म्हणून विचारलं तेव्हा तो हो म्हणाला.

सकाळी सारी वाडी विहिरीवर जमली. बाबा काठावरच्या दगडावर बसले होते. नव्या दोराला फळी बांधली, तिच्यावर बसून सुधाकर खाली गेला, आणि जुन्या दोरानं गाळाच्या पाट्या वर येऊ लागल्या. ऊन चढल्यावर त्यानं खालून हाक दिली. चौघांनी नवा दोर धरला. पुढं नथू, मागं तिघं, आणि रिवाजाप्रमाणं हिसके देत, आरोळी देत ओढायला लागले. सुधाकर निम्म्यावर आला असेल, तेवढ्यात हन्ना बापाची भाकर घेऊन आली. तिनं आत वाकून पाहिलं. खाली खडक, वर कप्पी, आणि मध्ये माणूस लटकलेला.

ती भाकर तिथंच टाकून बापापुढं उभी राहिली. "आबा, हिसका देऊ नका. दोरात सडका वाख आहे. मी घातला."

सगळे जागच्या जागी थांबले. नथूनं कप्पीकडं पाहिलं. एक पेड उकलून बाजूला झाला होता आणि त्यातून भुसा गळत होता. वर ओढावं तर तुटायचं, खाली सोडावं तरी तुटायचं. पंच विहिरीच्या काठाला धरून खालीच बसले.

तेव्हा शांतवनबाबा उठले. सत्तरी ओलांडलेलं शरीर, मूठभर हाडं. त्यांनी कप्पीशी जाऊन दोरावर नुसता तळहात ठेवला. "ओढा," बाबा म्हणाले, "सावकाश. लेकरानं आपलं काम केलं आहे, आता प्रभू आपलं करील."

चौघांनी इंच इंच दोर ओढला. दुसरा पेड सुटला. उरलेला एक पेड करंगळीएवढा, आणि त्यावर धट्टाकट्टा गडी! बाबांचे डोळे मिटलेले, ओठ हलत होते. सुधाकरचे हात काठाला आले, दोघांनी त्याला दंडाला धरून बाहेर घेतलं, आणि मगच बाबांनी तळहात उचलला. उचलताक्षणी रिकाम्या फळीच्या भारानं दोर तुटला. फळी खाली खडकावर आपटल्याचा आवाज वाडीभर गेला. माझ्या चुलत आजोबांनी त्या दिवशी बाबांच्या हातावर पाणी घातलं. ते सांगत, तळहाताची साल अशी सोलली होती की सगळं ओझं त्या हातानंच पेललं असावं, आणि बाबांनी तर दोर मुठीत धरलासुद्धा नव्हता. आता कुणी शहाणे म्हणतात, सावकाश ओढला म्हणून वाचला. बरं बाबांनो, तसं म्हणा. पण सावकाश ओढायचं हे कळलं कुणामुळं, तेही जरा सांगा.

नथूनं डोक्याचा पटका काढून पंचांच्या पायाशी ठेवला आणि मान खाली घालून उभा राहिला. म्हणाला, चूक माझ्या घरची, शिक्षा मला द्या. पंचांची भीती आता रागात उतरली होती. त्यांनी हन्नाकडं पाहत काठी उचलली. पण काठीच्या आड आला तो सुधाकर, चिखलानं माखलेला.

"तिला मारू नका," तो म्हणाला. "दोर मी पारखलाच नव्हता. धोंडा बांधायचा कंटाळा केला आणि तुम्हाला खोटं सांगितलं."

पंचांची काठी तशीच वर राहिली. चारचौघांत मान खाली घालायची पाळी आता त्यांची होती, आणि तिथं एकही माणूस हसला नाही. बाबांनी हन्नाला जवळ घेतलं आणि विचारलं, पोरी, मार बसणार हे ठाऊक असून बोललीस कशी? ती म्हणाली, "आबा रोज माझं नाव घ्यायचे. मला फिरकी जड लागायची."

हे ऐकलं आणि नथूला बाबांचा शब्द उमगला: मान खाली गेली, ती लेकरू खरं बोललं म्हणून. मान खाली घातलेली, तसाच तो रडू लागला. पण ते रडणं सुखाचं होतं, हे सगुणाला दुरूनही कळलं. पंच बाबांच्या पायांवर पडायला आले. बाबांनी पाय मागं घेतले आणि सोललेल्या हातानं नथूच्या अंगणाची दिशा दाखवली.

हन्नाला शिक्षा झालीच. नवी पानं तिनं आपल्या हातांनी भिजत घातली आणि आठही दिवस ओढ्यावर जाऊन मोजली. मग संध्याकाळी दोर वळायला बसले, तेव्हा गमलिएल पंच अंगणात आले. काठी त्यांनी बाहेरच ठेवली होती. हन्नाच्या हातातली फिरकी त्यांनी मागून घेतली आणि मातीत बसले. नथूनं तिन्ही मुलांची तीन नावं घेतली, तीन पेड लावले. तरी पंच फिरकी फिरवीनात.

"नथू," ते हळूच म्हणाले, "माझ्या सुधाकरचं नाव घेशील?"

नथूनं मनूकडून आणखी वाख घेतला, चौथा पेड लावला आणि सुधाकरचं नाव घेतलं. वाडीतला तो मानी माणूस, त्याचं कपाळ तेव्हा जमिनीला टेकलं होतं. तेव्हापासून खडकवाडीच्या विहिरीचा दोर चार पेडांचा असतो, आणि तो वळताना फिरकी घरातला सगळ्यात मोठा माणूस फिरवतो. ज्यांच्या घरी लेकरं आहेत त्यांनी आज त्यांची नावं घेऊनच उठावं. आमेन.