सोनं आणि तांबं

धातूंना वाचा होती, त्या काळातली गोष्ट. कुंभारीण भिवरा आणि तिचा होणारा नवरा लग्नाची अंगठी करायला सोनाराकडे आले.

"शुद्ध सोन्याचीच करा," नवरा म्हणाला. सोनं फुशारलं.

सोनाराने भिवराचे हात पाहिले. "ही रोज माती मळणार. शुद्ध सोनं मऊ, वाकेल. थोडं तांबं घालावं लागेल."

मुशीत पडताच सोनं तळमळू लागलं. "माझं तेज जाईल!"

"माझं तर नावही उरणार नाही," तांबं कापऱ्या आवाजात म्हणालं.

सोनं चपापलं. तांब्यालाही भीती वाटत असेल, हे त्याच्या मनातच आलं नव्हतं. खाली आग भडकत होती.

"आधी कोण वितळायचं?" सोन्याने हळूच विचारलं.

"एकदमच वितळू," तांबं म्हणालं आणि त्याला येऊन बिलगलं.