गवतात उभा असलेला वाघ

एका जंगलात चित्रे काढणारे एक साळिंदर राहत असे. कुंचला शोधत हिंडायची त्याला गरजच नव्हती. पाठीवरून गळून पडलेला एखादा काटा उचलायचा, जांभळाच्या रसात बुडवायचा आणि पळसाच्या पानावर चित्र काढायला बसायचे. हात खरोखरच चांगला होता. हरणाचे डोळे, मोराचा पिसारा, वाघाच्या मिशा, सगळे कसे झकास! फक्त एक गोष्ट होती. त्याच्या चित्रातला प्रत्येक प्राणी उंच गवतात उभा असायचा.

मुलांनो, तुम्ही म्हणाल, जंगल म्हटले की गवत असणारच. पण खरी गंमत वेगळीच होती. साळिंदराला पाय काढता येत नसत. हरणाचे खूर काढायला जावे तर ते जमिनीतून उपटलेल्या कंदासारखे दिसत. म्हणून साळिंदर भराभर गवताच्या काड्या ओढी आणि मोकळे होई.

त्या जंगलात हत्तीणबाईंची शाळा होती. शाळेला लागूनच एक मोठी, गुळगुळीत शिळा होती. एके दिवशी बाईंनी दवंडी पिटवली, "या शिळेवर जंगलातल्या प्राण्यांची चित्रं काढायची आहेत. ज्याला हे काम हवं असेल, त्याने आपली चित्रं घेऊन यावं." ते ऐकून साळिंदराच्या अंगावर आनंदाने काटा आला, आणि साळिंदराच्या अंगावर काटा येतो म्हणजे काय होते ते तुम्हाला सांगायला नकोच. आजवर त्याची चित्रे बिळातच सुकून जात. शिळेवरची चित्रे मात्र सगळे जंगल पाहणार होते. हे काम आपल्यालाच मिळावे म्हणून त्याचा जीव नुसता तळमळत होता.

त्याने आजवर काढलेले एकूण एक पान गोळा केले, वेलीने त्याचा भारा बांधला आणि बाईंच्या समोर नेऊन ओतला. काही पाने फाटलेली, काही उलटी, काहींवर खाल्लेल्या मुळांचा चिखल. त्यातून साळिंदराचे तोंड एकसारखे चालू. "हे जरा घाईत झालंय हं, बाई. ते लहानपणचं आहे, त्याच्याकडे नका बघू. इथे रस पातळ झाला होता, नाहीतर फार छान आलं असतं!"

पाने उलटून उलटून बाईंची सोंड दुखायला लागली. तेवढ्यात हरणाचे एक पाडस पुढे आले आणि म्हणाले, "बाई, या वाघाला तर पायच नाहीत. मग आम्ही याला भ्यायचं कशाला?"

सगळा वर्ग खो खो हसला. बाई मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "तुझ्या हातात कला आहे, बाळा. पण या पोरांना पावलं ओळखता आली नाहीत, तर रानात त्यांचा निभाव कसा लागायचा? पौर्णिमेला पुन्हा ये. तेव्हाही सगळीकडे गवतच असेल, तर मात्र शिळा कोरी राहिलेली बरी."

साळिंदर तोंड पाडून तळ्याकाठी जाऊन बसले. तिथे त्याची जुनी मैत्रीण टिटवी चिखलात किडे वेचत होती. "बाईंना चित्रातलं काही कळत नाही," ते कुरकुरले.

"कळतं की! एवढे लांब पाय मला मिळालेत, आणि तू मला गवतात बसवून पार बदक करून टाकलंस," टिटवी म्हणाली.

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"बोलू कधी? चित्र दाखवायच्या आधीच तू सबबी सांगायला लागतोस. मला बोलायला जागा राहते का?"

हे मात्र साळिंदराला लागले. खरे तर साळिंदराने दिवसा गाढ झोपायचे. पण दुसऱ्या दिवसापासून ते जांभया देत देत सकाळीच तळ्याकाठी हजर होऊ लागले. पाण्यावर येणाऱ्या प्रत्येकाचे पाय पाहायचे, चिखलातले ठसे पाहायचे आणि काढायचे. "हे सांबर लंगडतंय का रे?" टिटवी विचारी. साळिंदर सबब सांगायला तोंड उघडी, पुन्हा मिटी आणि नवीन पान घेई. कंदांचे हळूहळू खूर झाले. चित्रांतले गवत कमी कमी होत गेले.

पौर्णिमा आली. साळिंदर पुन्हा सगळा भारा घेऊन निघाले, तशी टिटवी आडवी आली. "चित्रं दाखवायला निघालायस की बिऱ्हाड हलवतोयस?"

मग निवड करणे आले, आणि ती करताना साळिंदराचा जीव अगदी मेटाकुटीला आला. मोराचा पिसारा तर त्याचा फार लाडका. पण पोरांना पावले ओळखायला त्याचा काय उपयोग? तोही घरी राहिला. शेवटी पाच पाने उरली. ती त्याने स्वच्छ पुसली, एका मापाची कापली आणि प्रत्येक प्राण्याखाली त्याच्या पावलाचा ठसा काढला.

शाळेत त्याने ती पाने ओळीने मांडली आणि ते बाजूला उभे राहिले. गप्प. पाय काढण्यापेक्षाही हे अवघड होते! बाई एकेका पानापाशी थांबल्या. सशाच्या पिलाने आपला पंजा ठशावर ठेवून पाहिला आणि ते ओरडले, "अय्या, हा तर माझाच!"

बाईंनी सोंड वर केली. "उद्यापासून शिळेवर काम सुरू कर."

साळिंदराला रडूच फुटले. डोळे पुसत ते म्हणाले, "करतो, बाई. फक्त माकड सगळ्यांत शेवटी काढीन. त्याची बोटं मला अजून जमत नाहीत. तोवर शिकून घेतो."

"माकडाची पोरं वर्गात हवी तेवढी आहेत," बाई हसून म्हणाल्या. "एखादं समोर बसवून घे. एका जागी बसलं तर!"

तात्पर्य : जे जमत नाही ते झाकून ठेवले, तर ते कधीच जमत नाही, ते उघडपणे गिरवावे. आणि आपले काम दाखवताना थोडे, नेटके आणि समोरच्याच्या उपयोगाचे तेवढेच मांडावे, बाकीचे बोलणे कामावर सोडावे.