रेडेबुवांचा निरोप समारंभ

जनावरं अजून माणसांसारखी बोलत आणि माणसांसारखीच वागत होती, तेव्हाची गोष्ट. एका रानात वाघाच्या मालकीचा तेलाचा घाणा होता आणि एक रेडा तो जन्मभर ओढत आला होता. पुढे वाघाला निम्म्या पेंडीत राबणारा तरुण बैल मिळाला. मग वाघाचा कारभारी कोल्हा रेड्याकडे गेला.

"रेडेबुवा, तुम्ही स्वखुशीने काम सोडताय असं सांगा. काढलं म्हटलं की चारचौघांत तुमचीच शोभा होते."

"पण मला सोडायचं नाही."

"म्हणून तर समजवायला आलो," कोल्हा म्हणाला.

रेड्याने नाइलाजाने मान डोलावली. संध्याकाळी थाटात निरोप समारंभ झाला. शाल दिली, नारळ दिला. मग वाघ भाषणाला उभा राहिला. "आपण सगळे एक कुटुंब आहोत. रेडेबुवांवाचून हा घाणा एक दिवस चालायचा नाही."

सकाळी कोल्हा बैलाला घेऊन आला, तर रेडा घाण्यापाशी हजर. वाघ गुरगुरला, "तुम्ही इथे कसे?"

"मालक, माझ्यावाचून एक दिवस चालायचं नाही म्हणालात. मग घरी राहवेना."

"अहो, ते भाषण होतं," वाघ म्हणाला आणि त्याने रेड्याला कुंपणाबाहेर घालवलं.

बैलाने हे सगळं ऐकलं आणि तो कामाला लागला. दिवाळीला वाघाने त्याची पाठ थोपटली. म्हणाला, "तू म्हणजे आमच्या घरचाच."

त्याच संध्याकाळी बैल दुसऱ्या घाण्यावर काम आहे का, विचारून आला.